‘मोनोपॉज’ नव्हे, मेनोपॉज : पाळी जाताना खरी माहिती कशी शोधायची

आमचं मेडिकल सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे आणि काउंटरवर मी बसते. पंचेचाळिशीच्या आसपासची बाई दुकानात येऊन दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच बामच्या बाटल्या न्याहाळत उभी राहिली, की मला अंदाज येतो. दुकान रिकामं झालं की ती हळूच मोबाइल काढते. “वहिनी, हे बघा की जरा. खरं आहे का?”

एकीने दाखवलेला मेसेज असा : हॉर्मोनच्या गोळ्यांनी स्तनाचा कॅन्सर होतो, हातसुद्धा लावू नका. आठवडाभराने दुसरी रील घेऊन आली : चाळिशीनंतर हॉर्मोन घेतले नाहीत तर हाडं, हृदय, मेंदू सगळंच हातचं जातं. दोघींना मी एकच विचारलं, “हे कुठल्या बाईबद्दल सांगितलंय?” दोघीही गप्प. कारण मेसेजात आणि रीलमध्ये सगळं होतं, फक्त बाई नव्हती. तिचं वय काय, पिशवी आहे की काढलीय, पाळी जाऊन किती वर्षं झाली, औषध गोळीतून दिलं की त्वचेवर लावायला, काहीच नाही. आणि या विषयात उत्तर बदलतं ते नेमकं यावरच. खोट्या माहितीपेक्षा दुसऱ्या बाईची खरी माहिती आपल्या अंगाला लावून घेतल्यानं जास्त घोळ झालेले मी पाहिले आहेत.

मी फार्मसी शिकलेय, डॉक्टर नाही. त्यामुळे कुणी काय घ्यावं हे इथे सांगणार नाही. शोधायचं कसं, कुठे थांबायचं आणि कुठे सरळ उठून दवाखान्यात जायचं, तेवढं सांगते.

पहिलं काम : मोबाइल खाली ठेवा आणि कागद घ्या

शोधायला बसण्याआधी स्वतःचा एक कागद तयार करा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट.

कागदावर पहिलं लिहा वय, मग शेवटच्या पाळीची तारीख. बऱ्याच घरांत ती कालनिर्णयच्या पानावर फुलीच्या खुणेनं सापडते. मागच्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीत दिलं नसेल तर काढा. पाळी पुढेमागे होत असेल तर गेल्या सहा-आठ महिन्यांच्या तारखा लिहा. त्याखाली त्रास, आपल्याच शब्दांत : अंगातून वाफा येतात, रात्री घामानं उशी भिजते, झोप मोडते, चिडचिड होते, सांधे धरतात, लघवीला जळजळतं, संबंधाच्या वेळी दुखतं. शेवटच्या दोन गोष्टी बायका लिहीत नाहीत. लिहा. त्यांच्यावर सगळ्यात सोपा उपाय असतो आणि त्या बोलायच्या राहून जातात.

मग आजार. स्वतःला कधी स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, हार्ट अटॅक, पक्षाघात, यकृताचा आजार झालाय का? ब्लडप्रेशर, शुगर, अर्धशिशी? आई, मावशी, बहिणीत कुणाला स्तनाचा कॅन्सर? चालू गोळ्यांची नावं आठवून लिहू नका, पाकिटावरून उतरवा. “ती बारकी पांढरी गोळी” असं मला रोज कुणीतरी सांगतं आणि माझ्या कपाटात बारक्या पांढऱ्या गोळ्या दोनशे प्रकारच्या आहेत.

आता पिशवी. इथे जरा थांबते, कारण आपल्याकडे हा मुद्दा मोठा आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं. सरकारने नेमलेल्या समितीच्या काळात झालेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि त्यांत चाळिशी न गाठलेल्या पुष्कळ होत्या. आमच्या भागात असं घर सापडायला लांब जावं लागत नाही. पण “पिशवी काढली” एवढ्यानं काम भागत नाही. अंडाशय ठेवले की तेही काढले, हे कळायला हवं.

त्यासाठी डिस्चार्ज कार्ड लागतं. त्यात ऑपरेशनच्या नावापुढे इंग्रजी अक्षरांत टीएएच, व्हीएच किंवा टीएलएच असं काहीतरी असतं; म्हणजे गर्भाशय पोटावर छेद देऊन, योनीमार्गाने किंवा दुर्बिणीने काढलं. त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह आणि बीएसओ ही तीन अक्षरं असतील, तर दोन्ही बाजूंचे अंडाशय आणि नळ्याही काढल्या. पुढे नुसतं बीएस असेल तर सहसा फक्त नळ्या. या एका ‘ओ’नं सगळा हिशेब बदलतो. दोन्ही अंडाशय काढले असतील तर रजोनिवृत्ती ऑपरेशनच्या दिवशीच झाली, मग वय बत्तीस का असेना. अंडाशय ठेवले असतील तर पाळी नाही, पण हॉर्मोन चालू आहेत; ते कधी आटले हे पाळीवरून कळणारच नाही.

कार्ड हरवलं असेल तर दवाखान्यात लेखी अर्ज करा. भरती रुग्णांचे कागद तीन वर्षं जपून ठेवणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तीन वर्षं उलटली असली तरी विचारायला हरकत नाही, बरीच रुग्णालयं जास्त काळ ठेवतात. काहीच मिळालं नाही तर सोनोग्राफीत अंडाशय दिसतात का ते पाहता येतं. मात्र पाळी गेल्यानंतर ते आकसतात, तेव्हा दिसले नाहीत म्हणजे काढलेच, असं नाही.

दुसरं : शब्द नीट घ्या

आपण सर्रास ‘मोनोपॉज’ म्हणतो. शोधताना तसंच टाइप केलं तर हाती लागतं ते बहुतेक आपल्यासारखंच कुणीतरी घाईत लिहिलेलं. इंग्रजीत स्पेलिंग एम-ई-एन-ओ असं सुरू होतं. मराठीत शोधायचं तर ‘रजोनिवृत्ती’ टाका.

रजोनिवृत्ती म्हणजे सलग बारा महिने पाळी न येणं, तेही दुसरं काही कारण नसताना. अकरा महिन्यांनी एकदा आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्याआधीची काही वर्षं पाळी वरखाली होते, वाफा सुरू होतात, तो काळ म्हणजे पेरिमेनोपॉज. बऱ्याच बायकांचा खरा त्रास याच काळातला असतो आणि त्या मात्र “माझी पाळी अजून चालू आहे, म्हणजे हे ते नसणार” असं धरून थायरॉइड, बीपी, करणी इथपर्यंत शोधून येतात. (थायरॉइड तपासावाच. त्याचीही लक्षणं अशीच असतात.)

हॉर्मोनच्या उपचाराला पूर्वी एचआरटी म्हणत, आता नव्या कागदपत्रांत एमएचटी असतं. वस्तू तीच. दोन्ही शब्द टाकून शोधा, नाहीतर नव्या शिफारशी दिसणारच नाहीत.

उपचारात मुख्य औषध इस्ट्रोजेन. गर्भाशय जागेवर असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्यासारखं औषध द्यावंच लागतं, कारण नुसत्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि त्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पिशवी काढली असेल तर सहसा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. म्हणून जावेची चिठ्ठी आपल्याला चालत नाही.

तिसरं : कुठे शोधायचं

शोधयंत्र वर काय दाखवतं त्यावर जाऊ नका. वरची दोन-तीन स्थळं बहुतेक जाहिरातीची असतात. नाव टाकून थेट जा.

भारतासाठी इंडियन मेनोपॉज सोसायटी. डॉक्टरांची ही संघटना १९९५ पासून आहे आणि तिच्या शिफारशी भारतीय बायका डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या आहेत. इंग्रजी आहे, भाषा डॉक्टरी आहे, पण सुरुवातीचे मुद्दे मुलीला किंवा सुनेला वाचून सांगायला लावलेत तर कळतात. एक सावधगिरी : आयएमएस हीच अक्षरं आंतरराष्ट्रीय मेनोपॉज सोसायटीही वापरते, तेव्हा कुणाचं वाचतोय ते पाहा.

ब्रिटनमध्ये नाइस नावाची सरकारी संस्था उपचारांच्या शिफारशी काढते. रजोनिवृत्तीवरची तिची पुस्तिका २०१५ ची, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती सुधारली. अमेरिकेत मेनोपॉज सोसायटी. जुन्या लेखांत हिचंच नाव नॅम्स असं सापडेल. हॉर्मोनवरचं तिचं निवेदन २०२२ चं आणि हॉर्मोनशिवायच्या उपायांवरचं २०२३ चं. साध्या भाषेत हवं असेल तर ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं, म्हणजे एनएचएसचं, संकेतस्थळ आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं मेडलाइनप्लस. दोन्हींवर औषधाची जाहिरात नाही, आणि पान शेवटचं कधी तपासलं तेही लिहिलेलं असतं. अनेक अभ्यास एकत्र तोलून पाहणारी कॉक्रेन ही संस्थाही चांगली. तिच्या प्रत्येक आढाव्याचा सोप्या शब्दांतला सारांश फुकट वाचता येतो.

तिकडचं वाचताना आपल्या कागदाशी ताडून घ्या. तिकडे पाळी सरासरी ५१ व्या वर्षी जाते. भारतातली सरासरी ४६-४७ ची. त्यांचं ‘पन्नाशीच्या बाईला’ म्हणजे आपल्याकडे अनेकदा सेहेचाळीसची बाई. तिकडे सर्रास मिळणारी हॉर्मोनची प्रत्येक पट्टी नि जेल इथल्या तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही, हे मी काउंटरच्या आतून सांगते.

मोबाइलवर भाषांतराचं बटण दाबलंत तर डोकं जागेवर ठेवा. माझ्या फोननं वाफांना ‘गरम चमक’ केलं आणि त्वचेवर चिकटवायच्या पट्टीचं ‘ठिगळ’. ‘ठिगळ आठवड्यातून दोनदा बदला’ असं वाचून आम्ही दोघी मैत्रिणी हसून हसून बेजार झालो. हसण्यापर्यंत ठीक, पण वाक्यातला नकार गाळून टाकलेलाही मी पाहिलाय. ‘घ्या’ आणि ‘घेऊ नका’ असा जिथे प्रश्न असेल, ते वाक्य इंग्रजी जाणणाऱ्या माणसाकडून तपासा. चॅटबॉटला विचारलंत तरी हेच. तो ठणकावून बोलतो, म्हणून बरोबर असतो असं नाही. उत्तर कुठल्या शिफारशीतून आलं ते त्याला विचारा आणि ते पान स्वतः उघडून बघा.

चौथं : भीतीच्या आकड्याची वीण उसवून बघा

कॅन्सरचा तो मेसेज आला कुठून? मुळाशी बहुतेक वेळा एकच अभ्यास निघतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाचा प्रचंड अभ्यास सुरू झाला. त्यातल्या एका प्रयोगात गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायका होत्या. काहींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची (म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाची) एकत्र गोळी, बाकीच्यांना दिसायला तशीच पण आत औषध नसलेली. जुलै २००२ मध्ये हा प्रयोग मुदतीआधी थांबवला, जगभर बातम्या झाल्या आणि लाखो बायकांनी गोळ्या सोडून दिल्या. बातमीतला आकडा होता : स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढला.

आता कागदावर मांडू. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायका वर्षभर पाहिल्या तर ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला. गोळी घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना. तीसवर आठ वाढले, म्हणजे साधारण २६-२७ टक्के. आणि दहा हजारांत आठ, म्हणजे हजारात एकही पुरता नाही. दोन्ही आकडे खरे. एकानं छातीत धडधडतं, दुसऱ्यानं विचार करता येतो. त्याच हिशेबानं हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८ आणि फुप्फुसातल्या गाठीचे ८ जास्त झाले. उलट मोठ्या आतड्याचे कॅन्सर ६ आणि खुब्याची हाडं मोडणं ५ कमी झालं. मेसेजात ही दुसरी बाजू कधीच नसते.

म्हणून टक्का दिसला की तीन गोष्टी विचारा : किती जणींपैकी, किती काळात, आणि औषध न घेणाऱ्यांत किती. या तिन्ही सांगत नसेल तर त्या पानावरून उठा.

आणि आता माझा आवडता प्रश्न, कुठल्या बाया? वय ५० ते ७९, सरासरी ६३. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटलेली. वाफांनी बेजार झालेली ४८ ची बाई ही नव्हेच. औषधही एकाच प्रकारचं होतं : गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि एक विशिष्ट कृत्रिम प्रोजेस्टिन, तेही पोटातून. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात पिशवी काढलेल्या १०,७३९ बायका होत्या. त्यांतल्या साधारण निम्म्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. तो प्रयोग २००४ मध्ये पक्षाघाताच्या धोक्यामुळे थांबवला, पण इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही. तोच अभ्यास, तीच वर्षं, आणि पिशवी आहे की नाही एवढ्यावरून उत्तर वेगळं.

पुढच्या वर्षांत हे आकडे वयाप्रमाणे वेगळे काढून पाहिले गेले. आजच्या शिफारशींचा सूर साधारण असा : साठीच्या आतली किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेली, त्रास चांगलाच असलेली आणि मनाई करण्याजोगा आजार नसलेली बाई असेल, तर फायदा सहसा धोक्यापेक्षा जड. त्यानंतर नव्यानं सुरू करायचं तर पारडं फिरतं. त्वचेतून दिलेल्या इस्ट्रोजेननं रक्ताच्या गाठीचा धोका गोळीपेक्षा कमी. एकत्र औषध जितकी वर्षं घ्याल तितका स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढत जातो. आणि ज्यांचे दोन्ही अंडाशय चाळिशीआधी काढले किंवा पाळीच तेवढ्या लवकर गेली, त्यांच्यासाठी सल्ला वेगळा : मनाई नसेल तर नैसर्गिक वयापर्यंत हॉर्मोन द्यावेत, कारण हाडांना आणि हृदयाला ती वर्षं उणी पडतात. आपल्याकडे नेमक्या याच बायका, ऊस तोडून आलेल्या, कंबर धरून दुकानात कॅल्शियम मागतात आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मग रीलवाली बाई खरं बोलत होती का? हाडांपुरतं, हो, हॉर्मोननं हाडांची झीज थांबते. पण कुठलाही त्रास नसताना केवळ हृदय नि स्मरणशक्ती वाचवायला प्रत्येकीनं घ्यावेत, असं या शिफारशी म्हणत नाहीत.

तारीखही पाहत जा. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रण संस्थेनं, या औषधांच्या माहितीपत्रकावरचा काळ्या चौकटीतला ठळक इशारा काढायचं जाहीर केलं. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा, अस्तराच्या कॅन्सरचा इशारा मात्र ठेवला. लगेच दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड सुरू झाले. चौकट गेली म्हणून धोका शून्य होत नाही. आणि चौकट होती तेव्हा तिच्यातलं सगळं आपल्याला लागू होतंच असंही नव्हतं. योनीमार्गात लावायच्या कमी मात्रेच्या मलमाचं उदाहरण घ्या. ते रक्तात फारच थोडं जातं. पण खोक्यातली चिठ्ठी उघडली तर इशारे गोळीचेच. एक शिक्षिका ती चिठ्ठी वाचून मलम परत द्यायला आली होती. मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं आणि चिठ्ठी सोबत न्यायला सांगितलं.

पाचवं : कोण विकतंय ते पाकिटावर वाचा

हे माझं रोजचं खातं. पाकीट उलटं करा. ‘आरएक्स’ ही खूण आणि चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना असेल तर ते ॲलोपॅथीचं औषध. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचं चिन्ह आणि चौदा आकडी क्रमांक असेल तर ते कायद्याने खाद्यपदार्थ, मग पुढच्या बाजूला ‘हॉर्मोन बॅलन्स’ कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो. अशा पाकिटावर बारीक अक्षरांत ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असंही इंग्रजीत लिहावं लागतं. भिंग लावून शोधा, सापडेल. आयुर्वेदिक औषधावर परवान्याचा क्रमांक असतो. तो कारखान्याचा परवाना झाला, वाफा जातील याची हमी नव्हे.

पाळीचे विकार बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांवरच्या कायद्यानं मनाई आहे. म्हणजे जी जाहिरात जास्त छातीठोक, ती कायद्याच्या तितकीच जवळून जाते.

सोयाबीनच्या गोळ्यांबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. अमेरिकन सोसायटीच्या २०२३ च्या निवेदनात वाफांसाठी सोया, ब्लॅक कोहोश ही वनस्पती आणि तत्सम पूरकांची शिफारस केलेली नाही. पुरावा पुरेसा नाही म्हणून. त्याच निवेदनात हॉर्मोनशिवायचे काही उपाय मात्र शिफारसलेले आहेत : विचार-वर्तनाची समुपदेशन पद्धत, नैराश्यावरची काही औषधं कमी मात्रेत, आणि गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध. ज्यांना हॉर्मोन चालत नाहीत त्यांनी हे दार ठोठवावं. सोयाबीनची भाजी खुशाल करा, भाजी म्हणून.

‘बायोआयडेंटिकल’ या शब्दानं फसू नका. शरीरातल्या हॉर्मोनसारखीच रचना असलेलं इस्ट्राडिओल आणि प्रोजेस्टेरॉन ही मान्यता असलेली, कंपनीत मोजून-मापून बनणारी औषधं आहेत. ‘तुमच्यासाठी खास मिसळून देतो’ म्हणत विकतात ती गोष्ट वेगळी. तिच्यात मात्रा किती हे कुणी तपासत नाही आणि शिफारशी तिच्या विरोधात आहेत.

तपासण्यांच्या पॅकेजमध्ये मी स्वतः फसलेय. सत्तेचाळिसाव्या वर्षी एका लॅबचं ‘महिला हॉर्मोन पॅकेज’ केलं. एफएसएच (अंडाशयांचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं हॉर्मोन) वाढलेलं आलं, खाली ठळक ‘मेनोपॉझल’. मी उरलेलं सॅनिटरी पॅडचं पाकीट नणंदेला देऊन टाकलं. दोन महिन्यांनी पाळी आली, ती नेमकी बहिणीच्या घरच्या वास्तुशांतीला. पुन्हा तपासलं तर आकडा खाली. या वयात तो असाच झोके घेतो, आणि म्हणूनच पंचेचाळिशीपुढच्या बाईला लक्षणं असतील तर निदानासाठी ही तपासणी करू नये, असं नाइस स्पष्ट सांगते. चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर मात्र ती करायची असते. पिशवी काढलेल्या बाईच्या बाबतीतही डॉक्टर ती सांगू शकतात. पुन्हा तेच, बाई कोण.

सहावं : डॉक्टरांसमोर कागद ठेवा

डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या यादीत नाव टाकून पाहता येते. रीलमध्ये पांढरा कोट घातलेल्यांचंही नाव टाकून बघा, करमणूक होते.

आत गेल्यावर “हॉर्मोन चांगले की वाईट?” असं विचारू नका, त्याला उत्तर नाही. कागद टेबलावर ठेवून विचारा : यातलं काय पाहता मला हॉर्मोन चालतील? चालत नसतील तर कशामुळे, आणि त्याऐवजी काय? गोळी, पट्टी की मलम, आणि तेच का? सुरू करण्याआधी कुठल्या तपासण्या? पुन्हा कधी दाखवू, आणि कशावरून थांबवायचं ठरवायचं?

“वयाचं आहे, सगळ्याच बायका सोसतात, वर्षभरात जाईल” असं ऐकून परत आलात तर दुसरं मत घ्या. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत वारंवार वाफा येणाऱ्या बायकांत हा त्रास मध्यम हिशेबानं सात वर्षांच्या वर टिकलेला आढळला. वर्षभराची गोष्ट नाही ती. आणि बीपी न मोजता, स्तनांबद्दल न विचारता, रक्तस्रावाची चौकशी न करता कुणी सरळ गोळ्या लिहून दिल्या, तरीही दुसरं मत घ्या. मी अशी चिठ्ठी आली की विचारते, “काही तपासलं का?” काही जणींना राग येतो.

आणि इथे शोधणं बंद

बारा महिने पाळी बंद राहिल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेलं, एक डाग का असेना, तर शोधत बसू नका, दाखवा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूण हीच असू शकते. पाळी चालू असताना गाठी पडण्याइतकं जात असेल, चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल, स्तनात गाठ लागली असेल, तेव्हाही तेच. हॉर्मोनच्या गोळ्या चालू असताना एकाच पायाला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं : त्याच तासाला रुग्णालय.

आणखी एक, कारण यावर चेष्टा होते नि मग धावपळ. पाळी पुढेमागे होत असली तरी दिवस राहू शकतात आणि हा हॉर्मोनचा उपचार म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यावी, असं ब्रिटनमधल्या शिफारशी सांगतात.

कॅन्सरचा मेसेज दाखवणारी ती बाई परवा पुन्हा आली. या खेपेला बामच्या बाटल्या न पाहता सरळ काउंटरशी. नातवाच्या वहीच्या पानावर सगळं लिहून आणलं होतं, वय ४४, वाफा, झोप, आईला बीपी, ऑपरेशन २०१४. एका ओळीपुढे जागा कोरी : ‘अंडाशय?’ कार्ड सासूच्या ट्रंकेत असेल म्हणाली, सासू गावाला आहे, किल्ली तिच्या कमरेला. रविवारी जाऊन येते म्हणाली.